‘माझे वडील’ : दहापैकी आठ

गेल्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. ती तुमसरला असते, सातवीत आहे आणि फोनवर थेट कामाचंच बोलते.

"आत्या, ‘माझे आजोबा’वर निबंध लिहायचाय. वीस ओळी. उद्या द्यायचाय. मोबाईलला विचारला, त्यानं लगेच लिहून दिला. पण बाबा म्हणतात आधी आत्याला दाखव."

(दादा, तू हे वाचत असशीलच. या लेखाचं पाप तुझ्या माथी.)

निबंध आला. वाचला. ‘माझे आजोबा पांढरेशुभ्र धोतर नेसतात. संध्याकाळी ते मला बागेत फिरायला घेऊन जातात. रात्री ते मला रामायण-महाभारतातील गोष्टी सांगतात...’ अशा वीस ओळी. एकही चूक नाही. शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगलं.

आता आमच्या बाबांना जे ओळखतात त्यांनी जरा ही ओळ पुन्हा वाचावी. धोतर! आमच्या बाबांनी आयुष्यात धोतर नेसलेलं नाही. नोकरीत होते तोवर खाकी पँट, निवृत्तीनंतर लुंगी. आणि गोष्टी? बाबा दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार दारातल्या कुत्र्याशी.

मी हसायला लागले आणि मध्येच थांबले. कारण असाच एक निबंध मीही लिहिला होता, वीस वर्षांपूर्वी. तेव्हा मोबाईल नव्हता, गाईड होतं. एवढाच काय तो फरक.

मागच्या दिवाळीत घर आवरताना आईनं माझी पत्र्याची पेटी उघडली होती. "हे फेकू का ठेवू?" त्यातून मी तीन वह्या पुण्याला आणल्या. चित्रकलेची वही, विज्ञानाची प्रयोगवही आणि निबंधाची वही. आणल्या आणि कपाटावर टाकल्या, जसं आपण करतो. रविवारी त्या खाली काढल्या. दुपारचं जेवण राहिलं ते राहिलंच.

*

आधी चित्रकलेची वही. आठवीत मी एलिमेंटरीला बसले होते. शासकीय रेखाकला परीक्षा. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तरी दिली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. (हल्ली या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणे. आमच्या वेळी नुसतं प्रमाणपत्र मिळायचं आणि ते आई पाहुण्यांना दाखवायची.)

पहिल्याच पानावर पितळी तांब्या आहे. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे तांब्याला काही तोटा नव्हता. सरांनी टेबलावर चादर टाकून एक तांब्या, दोन वांगी आणि एक कांदा मांडला होता. मी तांब्याचं तोंड मस्त गोल काढलं. अगदी कंपासनं काढल्यासारखं. सर मागे येऊन उभे राहिले.

"तांब्याचं तोंड गोल आहे का?"

"हो सर."

"कशावरून?"

"गोलच असते ना सर."

"असते. पण तू बसली आहेस तिथून ते गोल दिसते का?"

मी पाहिलं. खरंच पहिल्यांदा पाहिलं. तोंड गोल दिसतच नव्हतं! लांबट, चपटं, अंडाकृती दिसत होतं. जवळची कड जराशी जास्त फुगीर. आयुष्यभर रोज हातात धरलेला तांब्या आणि त्याचं तोंड मला कधी दिसलंच नव्हतं. सर म्हणाले, "माहीत आहे ते काढू नको. दिसते ते काढ." पानाच्या कडेला त्यांनी पेन्सिलनं बरोबर आकार काढून दाखवला आहे, तो अजून आहे.

स्मरणचित्राची गंमत वेगळीच. सरावाला विषय होता ‘आठवडी बाजार’. मी सराव-पुस्तकात बघून घोटलेला बाजार काढला. रंगीत छत्र्या, फुगेवाला, आणि मागे ऐटीत दोन नारळाची झाडं. सर बराच वेळ त्या झाडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमसरच्या बाजारात हे नारळ कोणी लावले?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण खरं सांगते, तुमसरचा बाजार म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय यायला हवं होतं? धानाची एवढी मोठी बाजारपेठ, पोत्यांच्या थप्प्या, हातात आकडा घेतलेले हमाल, उडणारा कोंडा, राईस मिलचा तो गोडसर वास... यातलं काहीच मला ‘चित्रातलं’ वाटत नव्हतं. चित्रात असतो तो बाजार वेगळा, आणि आपल्या गावात भरतो तो वेगळा, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढच्या पानावर सरांनी तोच विषय परत काढायला लावला आहे. नारळ गेले, पोती आली. हमालाची पाठ मला नीट जमली नाही. पण वही चाळताना माझा हात त्या पानावरच थांबला.

*

दुसरी वही प्रयोगवही. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. हे सहा शब्द वाचले तरी काही जणांना घाम फुटेल!

आता मला आधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणीत होते. आमच्या तुमसर तालुक्यातल्या दोन मोठ्या खाणी म्हणजे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. चिखल्याला जमिनीखाली जावं लागतं, डोंगरीची उघडी खाण. १८९६ साली एका ब्रिटिश कंपनीनं मध्य प्रांतात मँगनीजचा शोध सुरू केला, १९६२ मध्ये त्यातून आजची मॉईल झाली, हे सगळं मी फार नंतर वाचलं. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की बाबा पहाटे डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी नखं काळी करून येतात. फोडलेल्या दगडातून चांगला माल वेगळा काढायचं त्यांचं काम. घरी आले की दगडानं घासून हात धुवायचे. तरी तळहाताच्या रेषांत काळं उरायचंच. ‘कारं’, म्हणजे काळं. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, र आहे. डोळा म्हणजे डोरा. हे सगळं शाळेच्या फाटकात पाऊल टाकायच्या आत जिभेवरून पुसून टाकायचं, हे मी चौथीतच शिकले होते. बाबांची नखंही तशीच पुसून टाकली होती म्हणा ना. वर्गात व्यापाऱ्यांच्या, साहेबांच्या मुली होत्या. बाबा काय करतात असं कोणी विचारलं की मी ‘सर्व्हिस’ म्हणायचे. खोटं नव्हतंच ते.

नववीत ऑक्सिजन तयार करायचा प्रयोग होता. पोटॅशियम क्लोरेट आणि त्यात चिमूटभर काळी पावडर. ती काळी पावडर तपकिरी बाटलीत होती आणि बाटलीवर मुंबईचा पत्ता होता. मॅडमनी नाव सांगितलं, मँगनीज डायऑक्साईड. ती उत्प्रेरक आहे, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवते पण शेवटी स्वतः तशीच शिल्लक राहते. आणि सहज म्हणाल्या, "अरे, ही तर आपल्या डोंगरीची वस्तू. आपल्या इथून मुंबईला जाते आणि बाटलीत बसून परत येते."

माझे कान गरम झाले. लाजेनं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रत्येकानं काहीतरी करायचं होतं. निम्मा वर्ग ज्वालामुखी करत होता. मी ठरवलं की बाटलीतल्या पावडरऐवजी खरा दगडच वापरून बघायचा. तिरोडीकडे जाणारी रेल्वेची लाईन आमच्या गावातून जाते, आणि त्या काळी लाईनच्या कडेला वॅगनमधून सांडलेले काळे खडे पडलेले असायचे. मी दहा खडे गोळा केले. मला सगळे सारखेच दिसत होते. घरी आणून ओसरीवर मांडले.

बाबा कामावरून आले, हातपाय न धुताच खाली बसले. एक एक खडा तळहातावर घेऊन नुसता झेलला. वर उडवायचा, पकडायचा. बघत सुद्धा नव्हते. तीन एका बाजूला ठेवले, सात दुसऱ्या. म्हणाले, "हे तीन माल व्होय. बाकी गोटा."

मग मॅडमच्या परवानगीनं मी प्रयोगशाळेत दहा वाट्या मांडल्या. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साईड आणलं. (जखम धुवायला वापरतात तेच.) प्रत्येक वाटीत सारखंच ओतलं आणि एकेक खडा सोडला. ऑक्सिजन सुटला की बुडबुडे येतात, आणि विझत आलेली अगरबत्ती जवळ नेली की फुलते. बाबांनी निवडलेले तिन्ही खडे सोडावॉटरसारखे फसफसले. उरलेल्या सातांपैकी सहांत जेमतेम काही. पण एक खडा, बाबांनी ‘गोटा’ म्हणून टाकलेला, चांगला फसफसत होता.

मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. संध्याकाळी बाबांना म्हटलं, "तुमचा एक चुकला." बाबांनी मान सुद्धा वर केली नाही. म्हणाले, "वरून भुकटी लागली असन. धुवून पाह्य."

दुसऱ्या दिवशी खडा ब्रशनं खसाखसा धुतला. पाणी काळं झालं. मग पेरॉक्साईडमध्ये टाकला तर जवळजवळ गप्प! वॅगनमध्ये चांगल्या मालाशेजारी राहून त्याला फक्त काळी भुकटी लागली होती. दहापैकी दहा बरोबर. तराजू नाही, रसायन नाही, नुसता तळहात. आज कारण सांगता येतं. मँगनीजचं चांगलं धातुक तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा दीडपटीहून जड असतं, हाताला ते कळतं. आणि पेरॉक्साईडला फक्त ऑक्साईड हवं असतं, सिलिकेट असलेला खडा काळा दिसला तरी तो गप्पच राहतो. म्हणजे बाबा वजनानं ओळखत होते आणि मी बुडबुड्यांनी, आणि आम्ही दोघं एकाच ठिकाणी पोचलो होतो.

आता वही बघा. निरीक्षणाचा तक्ता सुंदर आहे. धुण्यापूर्वी, धुतल्यानंतर, असे दोन रकाने. मॅडमनी लाल शाईनं ‘उत्तम’ लिहिलं आहे. कृतीत पहिलंच वाक्य आहे, ‘प्रथम खडे स्वच्छ धुवून घ्यावेत.’ जणू काही मलाच सुचलं होतं! आणि साहित्याखाली लिहिलंय : ‘मँगनीजचे खडे (तज्ज्ञ व्यक्तीकडून निवडून घेतलेले).’

मॅडमनी विचारलं होतं, "कोण गं हे तज्ज्ञ?"

मी म्हणाले होते, "ओळखीचे आहेत एक काका."

हे वाक्य वहीत नाही. पण मला पाठ आहे.

*

तिसरी वही निबंधाची. तेच वर्ष, नववी. त्या वहीत मी समुद्रावरचा सूर्योदय पाहिला आहे. (समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बावीस वर्षांची होते.) ‘मी फुलपाखरू झाले तर’ आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आहे, त्यात मी कागदाच्या होड्या सोडते आणि आई गरमागरम भजी करते. प्रत्यक्षात आमच्याकडे पावसाळा म्हणजे रोवणी. आई आजोळच्या बांधीत दिवसभर वाकून पऱ्हे रोवायची आणि रात्री तिचे पाय मी चेपायचे. त्या पायांची बोटं पाण्यानं पांढरी, सुरकुतलेली झालेली असायची. निबंधात त्याचा एक शब्द नाही. निबंधात भजी!

आणि मग ‘माझे वडील’.

‘माझे वडील एका मोठ्या कार्यालयात अधिकारी आहेत. ते नेहमी इस्त्रीचे स्वच्छ कपडे घालतात. संध्याकाळी ते घरी येताना आम्हा भावंडांसाठी खाऊ आणतात. ते शिस्तप्रिय पण प्रेमळ आहेत...’ दोन पानं. दहापैकी आठ. ‘सुंदर! अक्षरही छान.’

वहीवर पालकांची सही आणायची होती. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सहीला त्यांना वेळ लागायचा. मला वाटलं होतं नुसती सही करतील. पण त्यांनी निबंध वाचायला घेतला, ओळीखाली बोट धरून, पहिल्या शब्दापासून. मी समोर उभी. दोन पानांना त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. मला तो आठवडाभर वाटला.

वाचून झाल्यावर म्हणाले, "बेस लिवलं माय." (आमच्याकडे लेकीलाही लाडानं माय म्हणतात.) आणि मग विचारलं, "पन हा बाप कोनाचा व्होय?"

रागानं नाही हो. टोमणाही नव्हता, टोमणा मारणं त्यांना येत नाही. खरंच विचारत होते. एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो दाखवल्यावर आपण हे कोण म्हणून विचारतो तसं.

मी म्हणाले, "निबंध असाच लिहायचा असतो बाबा."

"असन," म्हणाले, आणि सही केली.

ती सही वहीत आहे. आणि ओळींखाली, जिथे जिथे त्यांचं बोट फिरलं, तिथे फिकट करडी रेघ आहे. मँगनीजचा हा दगड मऊ असतो, हाताला लागतो आणि सहजी सुटत नाही. ‘इस्त्रीचे स्वच्छ कपडे’ या ओळीखालीही ती रेघ आहे. रविवारी मला ती पहिल्यांदा दिसली.

*

तिन्ही वह्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून मी बसले होते. तीच मुलगी, तेच अक्षर. पण मुलगी तीन वेगळ्या प्रकारे वागली होती. चित्रात मला न पाहिलेलं काढू दिलं नाही, सरांनी नारळ खोडायला लावले. विज्ञानात निरीक्षणाआधी अनुमान लिहायची सोय नव्हती, वहीचे मथळेच तसे होते. निबंधात मात्र कुणीच विचारलं नाही की बाई गं, तू हे पाहिलंस कुठे? उलट जितकं न पाहिलेलं तितके मार्क जास्त.

यात माझ्या मराठीच्या बाईंचा दोष आहे असं मला वाटत नाही. साठ पोरींच्या साठ वह्या, वर परीक्षेचा धाक. शुद्धलेखन तपासतील की माझा बाप खरा की खोटा ते तपासतील? आणि गाईड काही त्यांनी हातात दिलं नव्हतं, ते मी आपणहून उघडलं. बाबांवर लिहायला लागलं तर ती नखं लिहावी लागतील, या भीतीनं उघडलं. गाईडमुळे माझी सुटका झाली होती. मोबाईलनं परवा भाचीची केली तशीच.

पण एका दगडात किती काय मावलं असतं, हे आता कळतं तेव्हा हळहळ वाटते. लहानपणी आम्ही संपलेले टॉर्चचे सेल फोडून आतली कार्बनची कांडी काढायचो आणि भिंतीवर लिहायचो. मार खायचो. त्या कांडीभोवती जी काळी भुकटी असायची ती मँगनीज डायऑक्साईडची, आणि डोंगरीचं धातुक याच सुक्या सेलच्या कारखान्यांनाही जातं. म्हणजे बाबांनी निवडलेला माल कदाचित फिरून आमच्याच घरच्या बॅटरीत येत असेल! रंगपेटीतला अंबर, मातीच्या भिंतींना सर लावायला सांगायचे तो तपकिरी, ही मूळची एक माती. तिच्यातला गडदपणा मँगनीजमुळे. विहिरीत टाकायचं ते जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, त्यातही तेच. फ्रान्समधल्या लास्को गुहेत हजारो वर्षांपूर्वी माणसांनी काळ्या रंगात जनावरं काढली, त्या काळ्यातही मँगनीजची ऑक्साईडं सापडली आहेत. चित्रकला, विज्ञान, भाषा, सगळ्यांच्या तासाला तो एकच खडा चालला असता.

आणि बाबांनी टाकलेले ते गोटे? फर्मॉर नावाच्या भूवैज्ञानिकानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या पट्ट्यात क्वार्ट्झ आणि मँगनीजचा गार्नेट मिळून झालेला एक खडक आढळतो. त्याला त्यानं इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज ते नाव आहे. माझ्या त्या सात गोट्यांत एखादा गोंडाइट असण्याची दाट शक्यता आहे. मी तेव्हा ते परत लाईनवर टाकून दिले.

गंमत म्हणजे ही कल्पना काही नवी नाही. रेल्वेनं आमच्यापासून तीनेक तासांवर वर्धा. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हातातल्या कामातून सगळे विषय शिकायचे, टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, भाषा. त्याचं पुढे काय झालं, किती शाळांत ते टिकलं, हा वेगळा विषय. पण टकळीच्या जागी आमच्या तालुक्यात मँगनीजचा खडा ठेवला असता तर माझ्या निबंधात बाबा आपोआप आले असते. खाकी पँटसकट.

मी सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत तपासणीचे अहवाल लिहिते. दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, याचा मला पगार मिळतो. आणि घरच्या माणसांबद्दल मात्र मला जे ‘माहीत’ आहे तेच मी वर्षानुवर्षं धरून बसले आहे. तांब्याचं तोंड गोलच असतं, तसं.

*

असो. दुपारी भाचीला फोन केला. म्हटलं, "मोबाईलचा निबंध खोड. अर्धा तास आजोबांसमोर बस आणि दिसेल ते लिही. प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू असले शब्द वापरायचे नाहीत. विज्ञानाच्या वहीत निरीक्षण लिहितेस ना, तसं."

"पण आत्या, याला मार्क मिळतील का?"

खोटं बोलायची आता इच्छा नव्हती. म्हटलं, "माहीत नाही. कदाचित कमी मिळतील."

ती रुसली. "मग कशाला?"

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. शेवटी म्हटलं, "तुझे आजोबा एकदा मला विचारत होते, हा बाप कोनाचा व्होय म्हणून. तुला ते विचारायला लागू नये म्हणून." तिला काही कळलं नसावं. पण "बरं" म्हणाली.

रात्री पानाचा फोटो आला. वीस ओळी नव्हत्या, नऊ होत्या. त्यातल्या काही जशाच्या तशा देते :

‘आजोबा तांदूळ निवडताना तांदळाकडे बघत नाहीत. बोटांनाच खडा कळतो.’

‘आजोबांच्या उजव्या अंगठ्याचे नख अर्धेच आहे. विचारले तर म्हणाले, जुने आहे.’

‘आजोबा दाराबाहेरचा दगड उचलून एकदा वर उडवतात आणि परत ठेवतात. कधी कधी ठेवत नाहीत, खिशात टाकतात.’

‘त्यांच्या उशाजवळ डबीत दोन काळे दगड आहेत. कोणाला देत नाहीत.’

आणि शेवटची ओळ :

‘आत्याचा फोन आला की आजोबा टीव्ही बंद करतात. पण फोनवर बोलायला येत नाहीत. तिथेच बसून ऐकतात.’

मी वीस वर्षं घराबाहेर आहे. दर रविवारी फोन करते. आईशी बोलते, दादाशी बोलते, वहिनीशी बोलते. शेवटी विचारते, "बाबा कुठायत?" आई म्हणते, "हे काय, इथेच आहेत." मी म्हणते, "बरं, सांग त्यांना." त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही हे मला ‘माहीत’ होतं. टीव्हीचं मला माहीत नव्हतं. ते दिसायला सातवीतल्या मुलीला अर्धा तास समोर बसावं लागलं.

पानावर ‘अनुमान’ असा मथळा तिनं लिहिलेला नाही. मीही लिहीत नाही.

रात्री साडेनऊला परत फोन लावला. आईनं उचलला. "आता काय झालं? दुपारी तर बोललीस." या वेळी मी लगेच काही बोलले नाही, नुसती ऐकत राहिले. मागे बातम्या चालू होत्या, मोठ्या आवाजात. मग त्या बंद झाल्या.

"आई," म्हटलं, "फोन जरा स्पीकरवर टाक. मला निबंध वाचून दाखवायचाय. नवा लिहिलाय."

आणि हे वर जे तुम्ही वाचलंत त्यातला बाबांचा भाग, ओसरीवरच्या दहा खड्यांपासून ‘ओळखीचे आहेत एक काका’पर्यंत, सगळा वाचून दाखवला. तेव्हा तो एवढा नीट नव्हता, वहीच्या मागच्या पानांवर खरडलेला होता. वाचून झाल्यावर बराच वेळ पलीकडून कोणी बोललं नाही. मला वाटलं फोन कटला.

मग बाबांचा आवाज आला, जरा लांबून.

"दहा नव्हते. अकरा व्होते. एक तुह्या भावानं फेकला."

दादा, खरं का रे हे? मला आठवत नाही. पण बाबा म्हणतात म्हणजे अकराच असणार. दिवाळीत महाराष्ट्र एक्सप्रेसनं येते आहे, तेव्हा वही घेऊन येईन. तिच्यात एक सही अजून बाकी आहे.